कच्चे शिपाई

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा, याविषयी आप्तेष्टांची मते फार ठाम असतात. कुणी ज्ञानेश्वरीचे पारायण सुचवतो, कुणी बागकाम, तर कुणी वसाहतीच्या मंडळाचे चिटणीसपद. आम्ही आयुष्यभर मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात फायलींवर सह्या केल्या आणि निवृत्त होताच शिपाई रंगवू लागलो. कचेरीतले शिपाई नव्हेत! हे शिपाई जेमतेम इंच-सव्वा इंच उंचीचे, धातूचे किंवा प्लॅस्टिकचे असतात. परदेशी असलेल्या चिरंजीवांनी त्यांची पहिली पेटी पाठवली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर नेपोलियनच्या काळातील युरोप अवतरला.

आपल्या मराठी घरांना हा छंद तसा परका वाटू नये. इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यातही दिवाळीत मातीचा किल्ला होत असे, आणि महाराजांच्या सिंहासनाखाली मावळे मांडण्याचा मान घरातल्या धाकट्याला मिळे. फरक इतकाच की, युरोपात त्या बाहुल्यांना नियम लावले गेले. प्रशियाच्या राइस्वित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली फासे आणि नकाशे यांवर चालणारा युद्धाचा खेळ सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी सिद्ध केला. पुढे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली घरातल्या खेळण्यातील शिपायांसाठी नियमांचे पुस्तकच लिहिले. आजच्या खेळात प्रत्येक पलटणीला गुण ठरवून दिलेले असतात. जुनेजाणते ग्रेनेडियर महाग, साधे पायदळ मध्यम आणि नागरी सैन्य सर्वांत स्वस्त. संकट आले की फासा टाकायचा. दान कमी पडले की पलटण पळाली असे समजायचे. नागरी सैन्याचे दान बहुधा कमीच पडावे, अशी नियमाचीच योजना असते.

आमच्या पेटीत निघाले ते हेच स्वस्त शिपाई. ऑस्ट्रियाचे ‘लांडवेर’, म्हणजे भूमीचे रक्षक. करडा कोट, डोक्यावर गोल टोपी, तिची एक कड वर दुमडलेली. रंगवायला सोपे, म्हणून नवशिक्यास उत्तम. तथापि रंगवता रंगवता ही माणसे कोण होती, याची उत्सुकता वाटू लागली आणि आम्ही पुस्तकांकडे वळलो.

१८०५ साली ऑस्टरलिट्झला ऑस्ट्रियाचा दारुण पराभव झाला. तेव्हा केवळ पगारी फौजेवर राज्य राखता येणार नाही, हे व्हिएन्नातील धुरीणांना उमगले. ९ जून १८०८ रोजी सम्राट फ्रान्सिसने फर्मान काढले आणि १८ ते ४५ वयाच्या, सूट नसलेल्या पुरुषांना लांडवेरमध्ये घेण्याचे ठरले. या कल्पनेचा खरा कैवारी सम्राटाचा भाऊ आर्चड्यूक योहान. दुसरा भाऊ कार्ल मुख्य सेनापती. त्याचा या अर्धशिक्षित सैन्यावर फारसा विश्वास नव्हता. गॅलिशियातील पोलिश प्रजेच्या निष्ठेविषयी शंका असल्याने तो प्रांत वगळण्यात आला. कवायत रविवारी आणि सणासुदीला, कारण इतर दिवशी शेत, दुकान अथवा भट्टी सांभाळायची. अधिकारी म्हणून बरेचसे निवृत्त लष्करी अंमलदार आणि जमीनदार. हे वाचून आम्हांला त्या सैन्याविषयी विशेष जिव्हाळा वाटला, हे सांगणे नकोच!

शासनात वावरलेल्या माणसाला पुढची कथा न वाचताही कळते. फर्मान राजधानीतून निघाले, गणवेशाचा भार मात्र प्रांतांवर पडला. कुठे करडे कापड मिळाले, कुठे तपकिरी, आणि कित्येकांना घरच्याच कपड्यांवर भागवावे लागले. बंदुका पुरल्या नाहीत, तेथे मागच्या रांगेच्या हाती भाले आले. कागदावरची संख्या आणि मैदानातील हजेरी यांतले अंतर आम्ही जिल्ह्याजिल्ह्यांत पाहिले आहे. तेच येथेही होते. एवढे करूनही १८०९ च्या युद्धात या माणसांना केवळ आपल्या गावचे रक्षण करण्यापुरते ठेवले नाही, तर पगारी सैन्याच्या बरोबरीने दूरच्या रणांगणावर नेले.

त्यांपैकी एका रणांगणाने आमचे मन धरून ठेवले आहे. हंगेरीतील राब, म्हणजे आजचे ग्यॉर. १४ जून १८०९ रोजी नेपोलियनचा सावत्र मुलगा युजेन याने आर्चड्यूक योहानला येथे गाठले. योहानच्या सैन्यात त्या दिवशी दोन प्रकारचे कच्चे शिपाई होते. एका बाजूस हंगेरीच्या उमरावांची पारंपरिक फौज. घोडे उत्तम, घराणी थोर आणि लढाई त्यांच्याच भूमीवर. दुसऱ्या बाजूस स्टायरिया प्रांतातील ग्राट्झ शहराच्या लांडवेर पलटणी, आपल्या प्रांतापासून दूर. या ग्राट्झकरांना हुमेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली किशमेड्येर येथील वाडी राखण्यास सांगितले होते. वाडी म्हणजे धान्याचे भक्कम दगडी कोठार आणि भोवती भिंत.

उमरावांची घोडदळे फ्रेंच तोफा आणि कसलेले स्वार यांच्यापुढे उघड्या मैदानात टिकली नाहीत. त्यांची फळी मोडली. ग्राट्झचे लोक मात्र भिंतीआडून पुन्हा पुन्हा होणारे हल्ले परतवत राहिले. वाडी अखेरीस पडली आणि लढाईही फ्रेंचांनी जिंकली. परंतु रविवारी कवायत करणाऱ्या माणसांनी युरोपातील सर्वोत्तम पायदळाला दीर्घकाळ रोखून धरले, हे शत्रूलाही नाकारता आले नाही.

येथे शूर कोण आणि भित्रा कोण, असा निवाडा करण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरला आहे. कधीही एकत्र न लढलेल्या स्वारांना सपाट मैदानात तोफेसमोर उभे करावे आणि ते हलले म्हणून दोष द्यावा, हा न्याय नव्हे. ग्राट्झकरांना पाठीमागे आडोसा होता, काम एकच आणि स्पष्ट होते, शेजारी आपल्याच शहराचा माणूस होता. नियमपुस्तकाच्या लेखी मात्र दोघेही ‘कच्चे’. एकच आकडा, एकच दान.

हा आकड्याचा प्रश्न केवळ खेळातला नाही. २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात आम्ही कर्तव्यावर होतो. ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळले, माणसे दगावली. त्या चिखलात दोर धरून गर्दीला वाट करून देणारे कित्येक जण होमगार्ड होते. त्यांपैकी एकाशी पुढे बोलणे झाले. एरवी तो सायकलदुरुस्तीचे दुकान चालवी. आमच्या बंदोबस्ताच्या तक्त्यात त्यांची गणना सर्वांत शेवटच्या रकान्यात होती. त्याला नेमकी जागा दाखवली होती, वरिष्ठ सोबत होता, आणि तो हलला नाही.

१८०९ च्या ऑक्टोबरात शोनब्रुनचा तह झाला. ऑस्ट्रियाच्या फौजेवर दीड लाखांची मर्यादा आली आणि लांडवेर मोडीत निघाले. पण १८१३ साली पुन्हा नेपोलियनशी गाठ पडली, तेव्हा तेच सैन्य पुन्हा उभारावे लागले, आणि या वेळी त्याच्या पलटणी नियमित रेजिमेंटांना जोडून दिल्या गेल्या. कच्च्या माणसाला जाणत्याच्या शेजारी उभे करावे, एवढे शहाणपण चार वर्षांत आले होते.

आमच्या रविवारच्या खेळात आम्ही एक लहानशी दुरुस्ती सुचवली आहे. लांडवेर भिंतीआड असेल आणि त्याच्या लगत त्याच प्रांताची दुसरी पलटण असेल, तर फाशाला दोन गुण अधिक द्यावेत. समोर फ्रेंच सैन्य मांडणाऱ्या स्नेह्यांना ही दुरुस्ती पक्षपाती वाटते. दर रविवारी त्यावर वाद होतो, चहा निवतो, आणि दुरुस्ती अद्याप कायम आहे.