खांबावरचा डाग

पुण्याच्या जुन्या बाजारात सागवानी खांब आडवे रचून ठेवले होते. त्यातल्या एकावर, बुडापासून अडीच-तीन फुटांवर, काळा तुकतुकीत डाग. ती उकिडवी बसली, नाक जवळ नेलं. खवट खोबरेल. "ताई, डाग रंधा मारून काढून देतो," दुकानदार म्हणाला. तिला काही बोलवेना.

लहानपणी आषाढीला आजीबरोबर पंढरपूरला गेलं की धर्मशाळेच्या ओसरीत एक खण मिळायचा. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, जेमतेम पाच फूट. त्यात चार माणसं, वळकट्या, पिठाची पिशवी. दार कुठेच नाही. जेवणं झाली की आजी पाय पसरून खांबाला डोकं टेकायची आणि पलीकडच्या खणातल्या अनोळखी बाईशी सुनांचं, पावसाचं बोलत राहायची. अशा किती जणींच्या डोक्यांचं तेल त्या लाकडात मुरलेलं. तिनंही एकदा डोकं टेकून पाहिलं. डाग वीतभर वरच राहिला.

पुढे ती वाडे मोजायला शिकली. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे ओल आणि वाळवी चढत नाही. वर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. सांधे खाचेत खाच बसवून केलेले, त्यामुळे सगळं घर उकलून दुसरीकडे पुन्हा उभारता येतं. याच गुणापायी ते बाजारातही सहज येतं.

आजीच्या त्या धर्मशाळेचा 'जीर्णोद्धार' झाला. चकचकीत फरशी, ओळीनं खोल्या, प्रत्येकीला दार आणि आत संडास-बाथरूम. म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, हे तिला मान्य आहे. तरी त्या शब्दाचा राग गेलेला नाही. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींची नियमावली आली. अशा नियमावलीच्या याद्यांमध्ये कोरीव कमानीला जागा मिळते. टेकलेल्या डोक्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

पण त्या खांबाला डोकं टेकायची मुभा तरी कुणाला होती? आजीच्या ओसरीत सगळे ओळखीच्याच जातींचे होते, हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं झालं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या कितीतरी आधी गाडगेबाबांनी त्याच गावात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली होती. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पंढरपुरात इतक्यांदा जाऊनही आजीनं तिला तिकडे कधी नेलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा तिला भेटली ती दादरला, आई टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेत होती तेव्हा. इथे कोरीव काम नाही, सागवान नाही. गावोगावचे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं. दुपारी आई भिंतीला पाठ लावून बसायची आणि शेजारच्या बाईशी बोलायची, थेट आजीसारखी. तिसऱ्या केमोनंतर आईच्या डोक्यावर केस उरले नव्हते. पिशवीतली खोबरेलाची बाटली तशीच भरलेली. एके दिवशी आईनं ती उघडली, शेजारच्या बाईच्या लेकीला पुढ्यात बसवलं आणि तिचे बोटभर उगवलेले केस चोळून दिले.