काढू का, सर?

लातूरच्या ट्युशन एरियातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी बसवून दिलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला मॉनिटर नाही, माउस नाही. आत डेबियन, बाहेर चार यूएसबी पोर्ट, शेजारी प्रिंटर आणि स्कॅनर. मी नांदेडला, वजिराबादेत. दुकानातला पोरगा तिकडे पेनड्राइव्ह खोचतो आणि मी इकडून एसएसएचने आत शिरून तो जोडून घेतो. मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर आणि भरवशाची नसलेली मोबाइलची रेंज.

कामाची अशी वाटणी झाली की खोचणं वेगळं आणि जोडणं वेगळं, हे पहिल्या दिवशीच कळतं. विंडोजवर दोन्ही एका दमात उरकतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. इथे पोरगा "घातला, सर" म्हणतो तेव्हा माझ्यापुढे डीमेसेजच्या चार-पाच ओळी सरकतात: कुठल्या पोर्टवर काय आलं, बनवणारी कंपनी कोणती, सेक्टर किती. शेवटी कर्नल त्याला एक नाव देतो, एसडीबी. पण अजून त्यातली एकही फाइल दिसत नाही. एखादी रिकामी डिरेक्टरी दाखवून 'हा इथे जोड' असं माउंटला सांगावं लागतं.

एसडीबी या नावावर माझा भरवसा नाही. जो आधी आला त्याला आधीचं अक्षर. उद्या तेच अक्षर दुसऱ्याच डिस्कला मिळेल. म्हणून एलएसब्लॉक चालवून आकार बघायचा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह आणि बॅकअपची मोठी डिस्क यांत घोळ होऊ शकत नाही, पण नावावर गेलात तर होतो, आणि फॉरमॅटची कमांड 'नक्की ना?' असं विचारत बसेलच असं नाही. बॅकअपची डिस्क कायमची असते, तिला एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने नोंदवायचं आणि पुढे 'नोफेल' लिहायचं. मराठवाड्यात हा शब्द विसरून चालत नाही. लाइट जाते, येते, कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो. त्या वेळी डिस्कची वायर सैल असली तर 'नोफेल'शिवाय तो दीड मिनिट वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. नेटवर्कही वर आलेलं नसतं, म्हणजे मला नांदेडहून काही करता येत नाही. एसटी पकडायची.

गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह मी आधी फक्त वाचण्यापुरता जोडतो, आणि त्यातलं काही चालवायचं नाही असंही सांगून ठेवतो. नीटची तयारी करणाऱ्या पोरांचे पेनड्राइव्ह होस्टेलभर फिरून आलेले असतात. "माझं फोल्डर गेलं, नुसता शॉर्टकट दिसायलाय," ही तक्रार नेहमीचीच. फोल्डर कुठेही गेलेलं नसतं. व्हायरसने ते लपवलेलं असतं, आणि विंडोजची ती लपवण्याची खूण लिनक्स मानत नाही. साध्या एलएसमध्ये ते उघडं दिसतं. त्या पोराच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला इथून दिसत नाही, फोनवर ऐकू मात्र येतं.

आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा नसते. पेनड्राइव्हवर फाइलचं नाव 'जात प्रमाणपत्र' किंवा 'सातबारा' असं देवनागरीत असतं. फॅट३२ माउंट करताना यूटीएफ-८ चा पर्याय लागू नसेल, तर त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. नव्या डेबियनमध्ये तो आपोआप लागू असतो, सगळीकडे तसं नाही. मी तो दर वेळी लिहितोच.

पण या कामाची खरी परीक्षा काढताना असते. स्कॅन केलेले कागद पेनड्राइव्हवर द्यायचे असले की तो लिहिण्यासाठी पुन्हा माउंट करावा लागतो. कॉपीची कमांड क्षणात परत येते. पोरगा विचारतो, "काढू का, सर? गिऱ्हाईक थांबलंय." मोंढ्यात पट्टी हातात पडली म्हणून पोती गाडीत चढली असं होत नाही. कर्नलने फाइल मेमरीत घेतलेली असते; थोडाच माल असेल तर अर्धा मिनिट तो लिहायला हातही लावत नाही. उपलब्ध मेमरीच्या वीस टक्क्यांपर्यंत असा माल साठू शकतो. तीनशे एमबी बाकी असेल आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला पाच एमबीने लिहीत असेल, तर ते पूर्ण एक मिनिट आहे. मेमइन्फोमधला 'डर्टी'चा आकडा मी उतरताना बघत राहतो. मग अमाउंट, म्हणजे जोडलेलं सोडवणं. ते 'टार्गेट इज बिझी' म्हणालं, तर बहुतेक वेळा आपलंच शेल त्या डिरेक्टरीत बसलेलं असतं. बाहेर यायचं, पुन्हा सांगायचं.

इंटेलमध्ये यूएसबीचं काम पुढे नेणारे अजय भट्ट मूळचे बडोद्याचे. १९९६ मध्ये पहिलं मानक आलं आणि कुणीही, काहीही, चालू कॉम्प्युटरला खोचू शकेल अशी सोय झाली. वायर उपटलेली यूएसबीला चालते. फाइल सिस्टिमला चालत नाही. त्यातून फॅटला जर्नल नाही; मध्येच लाइट गेली तर अर्धवट राहिलेला तक्ता सावरायला काही आधार नसतो.

दर अक्षर ताबडतोब लिहायला लावणारा 'सिंक' पर्याय आहे, पण तो मी लावत नाही. फॅटचा तक्ता त्यात पुन्हा पुन्हा लिहिला जातो, फ्लॅश झिजते आणि वेगही बसतो. त्याऐवजी 'फ्लश' लावतो. तो लवकर लिहायला घेतो, पण अमाउंटपासून सुटका करत नाही.

हे सगळं आपोआप करणारी साधनं आहेत, आणि घरच्या लॅपटॉपवर मीही ती वापरतो. दुकानात नाही. जोडणं आपोआप झालं की काढणंही आपोआप होतं असं माणूस धरून चालतो, आणि पेनड्राइव्ह माझा नसतो. त्यावर तोडगा म्हणून आता एक स्क्रिप्ट ठेवली आहे. अमाउंट पार पडलं की ती पोर्टची वीज तोडते, पेनड्राइव्हचा दिवा विझतो आणि तीन बीप होतात. पोराचे फोन कमी झालेत. संध्याकाळी ट्युशन सुटल्यावर काउंटरवर जी झुंबड उडते तिच्यात मात्र त्या बीप कुणाच्या कानावर पडत नाहीत, तेव्हा पुढच्या खेपेला एक मोठा बजर न्यायचा आहे.