सुरतेचे पाणी

सुरत म्हटले की आपल्याला साड्या, हिरे आणि शिवरायांची १६६४ ची स्वारी आठवते. पण तिकडे गेलात तर सिंगणपोरचा कॉजवे जरूर पाहा. वर रस्ता, खाली तापी अडवणारा बंधारा. तो १९९५ चा. मुलताईला उगम पावून, खान्देश ओलांडून आलेली तापी सुरतेपुढे समुद्राला मिळते. भरतीला खारे पाणी नदीत वर चढते, ते या बंधाऱ्यापाशी थांबते. वरच्या अंगाला साठलेले गोडे पाणी शहराची तहान भागवते. पावसाळ्यात नदी फुगली की कॉजवे वाहतुकीला बंद होतो.

२००१ मध्ये २४ लाखांचे सुरत २०११ पर्यंत ४४ लाखांवर गेले. २००६ मध्ये महापालिकेची हद्द ११२ वरून ३२६ चौरस किलोमीटर झाली. लिंबायत, उधना भागांत खान्देशातून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. हद्द एका आदेशाने वाढते. जलवाहिनी मात्र गल्लोगल्ली खोदून टाकावी लागते. आणि नदी तर एकच! म्हणून २०१४ मध्ये बमरोलीला सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना पुरवण्याची सोय झाली. क्षमता रोज ४ कोटी लिटर. कारखान्यांनी हे पाणी घेतले की तेवढे गोडे पाणी घरांसाठी वाचते.

राकसकोप भरला की आपण बेळगावकर निर्धास्त होतो. पण शहर वाढताना वापरलेल्या पाण्याचाही हिशेब आधीच मांडावा लागतो, हे सुरतेत दिसते. पाणी म्हणा की नीरू, नळाला ते वेळेवर आले पाहिजे.