हाडांच्या इंजेक्शनाविषयी

आत्याचा स्तनाचा कर्करोग हाडांत उतरलाय हे कळलं, तेव्हा हाडांसाठी वेगळं इंजेक्शन देण्याला माझा ठाम विरोध होता. गाठ हाड खातेय, तर गाठीवरचे उपचार चालू राहू देत, दुखणं कमी करा आणि तिला आणखी सुया टोचू नका, असं मी घरात सगळ्यांना सांगत होते. आज मी त्या इंजेक्शनाच्या बाजूनं बोलते.

मत बदललं ते हाड कसं पोखरलं जातं हे समजल्यावर. कर्करोगाच्या पेशी सहसा स्वतः हाड खात नाहीत. जुनं हाड काढणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट आणि नवं भरणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट या पेशी आपल्या शरीरात जन्मभर राबत असतात. हाडात शिरलेला कर्करोग 'पीटीएचआरपी' नावाचं प्रथिन सोडतो. त्यामुळे ऑस्टिओब्लास्ट 'रँक-एल' जास्त बनवतात आणि ऑस्टिओक्लास्टची फौज वाढते. आम्ल आणि विकरं सोडून ती हाड विरघळवते. तेवढ्यावर थांबत नाही, हेच भयंकर. हाडात साठलेले 'टीजीएफ-बीटा'सारखे वाढीचे घटक मोकळे होतात, त्यांवर कर्करोग पोसतो आणि आणखी पीटीएचआरपी सोडतो. 1889 साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं कर्करोगाच्या पेशीला बी आणि अवयवाला जमीन म्हटलं होतं. इथे जमीन स्वतः झिजून बियाला खत घालते.

(प्रोस्टेटच्या कर्करोगात बहुधा उलट, नवं हाड भराभर बनतं, पण तेही वेडंवाकडं आणि कमकुवत.)

हे चक्र मध्येच अडवता येतं. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ऑस्टिओक्लास्टना निकामी करतं, डेनोसुमॅब रँक-एलला धरून ठेवतं. रोग यानं बरा होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. पण हाड मोडण्याचा धोका कमी होतो. आत्या आज आपल्या पायांनी न्हाणीघरात जाते, कुणाला हाक न मारता. आयुष्य किती वाढलं एवढंच मोजणारी मी, आता याचंही मोल मानते.

इंजेक्शन सुरू करण्याआधी दात तपासून घ्या, काढायचा असेल तो आधीच काढा. या औषधांनी क्वचित जबड्याचं हाड निर्जीव होतं. आणि कर्करोगाच्या रुग्णाची पाठ नव्यानं दुखू लागली, पाय लुळे वाटले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दबलेला असू शकतो. सकाळ होण्याची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.