काळा कातळ आणि होकायंत्राचा काटा

मंडळी, द्राक्षाच्या नव्या प्लॉटची आखणी झाली. नऊ बाय पाच, ओळी दक्षिणोत्तर, म्हणजे वेलीच्या दोन्ही अंगांना ऊन सारखं. अँगल एकदा रोवले की बारा-पंधरा वर्षं हलत नाहीत, त्यामुळे दिशा पक्कीच हवी.

पुतण्याने मोबाईलचं होकायंत्र लावलं. विहिरीच्या अंगाला एक उत्तर, वरच्या माळाच्या कोपऱ्यात वीसेक अंश सरकलेली दुसरीच. त्याला वाटलं फोन बिघडला. मग काट्याचं साधं होकायंत्र आणलं, तर त्याचंही तेच!

काटा म्हणजे एक छोटं चुंबक. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळतंय, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि काटा त्याला धरून उभा राहतो. पण हे क्षेत्र लई क्षीण. कपाटाच्या दाराला असतं ते चुंबकसुद्धा त्याला भारी पडतं. ट्रॅक्टर, अँगल, पंपाची केबल यांच्याजवळ काटा भरकटणारच. मुंबईत कुलाब्याला 1841 पासून या क्षेत्राची मोजणी व्हायची. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला न्यावी लागली, यावरून समजा.

आमच्या कोपऱ्यात मात्र लोखंड नव्हतंच. होता तो उघडा काळा कातळ. हा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय दिशेचा ठसा त्यांच्यात बसला. आणि गंमत बघा, आपल्याकडच्या बऱ्याच थरांत तो ठसा आजच्या उलटा आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते! शिवाय उघड्या माळावर वीज पडली की तेवढा कातळ आणखी जोरात चुंबकतो.

मग आम्ही काठीच धरली. सपाट जागी ओळंब्यात काठी रोवली. सकाळी दहाला सावलीच्या टोकावर खूण केली आणि तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काठीभोवती आखलं. दुपारून सावली परत वर्तुळाला टेकली तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधून काठीपर्यंत दोरी ताणली, झाली दक्षिणोत्तर. घड्याळातले बारा धरू नका; आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला साधारण साडेबारा होतात.

दोरी आणि विहिरीजवळचा काटा तंतोतंत जुळले. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे काटा वापरायला हरकत नाही. फक्त चार ठिकाणी उभं राहून बघा. सोलर पंपाचं पॅनल दक्षिणेला करतानाही फोन सांगाड्याला टेकवून दिशा घेऊ नका, पंधरा-वीस पावलं लांब जा.