लीटरला किती?

पाबळला बाहेरचा माणूस येतो तो मस्तानीसाठी. कबर पाहतो, फोटो काढतो, निघून जातो. कुणी समाधी म्हणतं, कुणी मजार. गावाला दोन्ही चालतं. आमच्या आठवणीत मात्र त्या बाजूचा रस्ता एका गाडीच्या आवाजासकट आहे. १९९८ च्या उन्हाळ्यात पहाटे, फजरनंतर लगेच, तिथं आमची आरएक्स १०० पळायची.

आम्ही म्हणजे दोघे धाकटे. गाडीवर भाईजान. अब्बांचं लहानसं गॅरेज होतं. विहिरीवरचं ऑईल इंजिन, राजदूत, लुना, जे येईल ते. भाईजान विज्ञान आश्रमात राहून वेल्डिंग शिकला होता. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या आश्रमात जीपच्या सुट्या भागांतून छोटा ट्रॅक्टर तयार झाला होता. तो पाहिल्यापासून, गाडी कंपनीनं बनवायची आणि आपण नुसती चालवायची, हे त्याला पटेना.

पुण्यात मातीच्या ट्रॅकवर हौशी पोरांच्या शर्यती व्हायच्या. त्यासाठी ही तयारी. हेडलाईट, मडगार्ड, इंडिकेटर काढले. मागचं स्प्रॉकेट मोठं बसवलं. वेग थोडा गेला, उचल आली. हेड लेथवर घासून कॉम्प्रेशन वाढवलं. सिलिंडरची पोर्ट भाईजाननं कानशीनं स्वतः मोठी केली, चार रात्री जागून. सायलेन्सरच्या जागी पत्र्याचा, मध्ये फुगीर असा पाईप वेल्ड केला. ९८ सीसीचं इंजिन, पण आवाज असा की अम्मी म्हणायची, मोहल्ल्यात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. कार्बोरेटरमध्ये मोठा जेट टाकला. शेवटी गाडीचा तेलपंपही काढला आणि तेल पेट्रोलमध्ये हातानं मिसळायचं ठरलं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेलातूनच. लीटरला तीस मिली, भाईजाननं सांगितलं. मापायचं काम आमचं. खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं त्यासाठी.

शर्यतीच्या सकाळी गाडी अडखळू लागली. भाईजान नाव नोंदवायला गेला होता. आम्ही प्लग काढला, काळाकुट्ट. आज कुठलंही पोरगं सांगेल की जेट मोठा झालाय, पेट्रोल जास्त येतंय. आम्हाला वाटलं, तेल जास्त झालं. जेटला हात लावायची आमची छाती नव्हती. तो भाईजानचा प्रांत. तेल आमच्या हातातलं. टाकी रिकामी केली आणि लीटरला पंधरानं नवं पेट्रोल भरलं. प्लग पुसून लावला. गाडी खरंच बरी चालली.

चौथ्या फेरीत, सरळ पट्ट्यावर, इंजिन सीझ झालं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि भाईजान पुढे फेकला गेला. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. तो पाय आजही थोडा आखूड आहे.

अब्बांनी गॅरेजमध्ये सिलिंडर उघडला. पिस्टनवर उभे ओरखडे. बोट फिरवून म्हणाले, "तेल कम पड्या. कौन मिलाया?"

भाईजान दवाखान्यात होता. आम्ही गप्प राहिलो. अब्बांनी त्याचा अर्थ त्यांना लागला तसा लावला. त्यानंतर त्यांनी भाईजानला इंजिनाला हात लावू दिला नाही. शिवी नाही, मार नाही, नुसतं, "तू रहने दे." दोन वर्षं त्यानं पंक्चर काढली आणि मग शारजाला गेला. गॅरेज आमच्याकडे आलं. अब्बा २०११ मध्ये वारले.

शारजाला तो एका गॅरेजात आहे. तिथं हौशी शर्यतींसाठी एक जुनी माझदा आरएक्स-७ तयार होते आहे. फोनवर तासभर तेच ऐकवतो. नावात आरएक्स, पण आत पिस्टनच नाही! कमरेत किंचित आवळलेल्या घरात तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना पट्ट्या असतात, त्या भिंतीला घासत जातात. पट्टी तुटली की सगळं इंजिन उघडायचं. असंच चार रोटरचं इंजिन असलेली माझदा १९९१ मध्ये ल मांसची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती, हेही त्यानंच सांगितलं. त्या पट्ट्यांना तेल द्यायला कंपनीचा पंप असतो. शर्यतवाले बरेचदा तो बंद करतात आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. लीटरला सात-आठ मिली.

"नापने का काम मैं किसी को देता नहीं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "उस दिन कित्ता डाले थे रे?"

फोन स्पीकरवर होता. आम्ही दोघे गॅरेजमध्येच बसलो होतो, अब्बांच्या लाकडी पेटीवर. एकमेकांकडे पाहिलं.

"पंधरा."

पलीकडे ग्राइंडरचा आवाज येत होता, तो थांबला.

"अब्बा को मालूम था?"

"नहीं."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, टाकीचं झाकण उघडं आहे, नंतर करतो.

त्याला आज अकरा दिवस झाले.