आधी विचारा, "तू कोण?"

बालमित्रांनो, ५ आणि ३ मिळून किती? तुम्ही म्हणाल, ८! पण जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा कधीकधी ५३ सांगते. तिला वेड लागलंय का? मुळीच नाही. अवतरणचिन्हांत लिहिलेला "५" तिच्या लेखी संख्या नसतो, मजकूर असतो. मजकुराची बेरीज होत नाही. तो नुसता शेजारी चिकटतो.

माझ्या भाचीच्या प्रोग्रामनं लेखी ४० आणि तोंडी १० मिळून चक्क ४०१० गुण दिले! कारण पडद्यावरच्या चौकटीत टाइप केलेलं सगळं मजकूर म्हणूनच येतं.

अशा वेळी मला 'टाइपऑफ' हा चिमुकला शब्द फार आवडतो. तो कशाच्याही आधी लिहा, लगेच उत्तर येतं. संख्येला 'नंबर', मजकुराला 'स्ट्रिंग', खरं-खोटं असेल तर 'बूलियन'.

पण गंमत ऐका. 'नल' म्हणजे मुद्दाम ठेवलेलं 'काहीच नाही'. त्याला मात्र टाइपऑफ 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू म्हणतो! ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत या भाषेचं पहिलं रूप अवघ्या १० दिवसांत रचलं. तेव्हापासूनची ही चूक. आता ती सुधारावी, तर तिच्यावर विसंबलेली कितीतरी वेबपानं बिघडतील. म्हणून ती तशीच राहिली. 'नल' ओळखायचा, तर तीन बरोबरची चिन्हं देऊन थेट ताडून पाहावं लागतं.

मला वाटतं, विचारायला कधी लाजू नये. आणि मिळालेलं उत्तरही एकदा पडताळून पाहावं. मग, पाहाल ना करून?